काय म्हणते मंदी?

आमचे वकील कधी कोणाची तब्येत विचारत नसत. डॉक्टर भेटला तर साथ कुठली चालू आहे ते विचारत, कारखान्याचा माणूस भेटला तर उसाचा उतारा, आणि मी भेटलो की एकच प्रश्न असे : "काय शेठ, काय म्हनती मंदी?" बाळंतपणाला आलेल्या मेहुणीची चौकशी करावी तशा आपुलकीने. मी म्हणायचो, "आहे साहेब, बसलीय उंबऱ्यात." मग ते हसायचे आणि मला राग यायचा. पुढे ते खासदार झाले, दिल्लीत अर्थखात्याचे राज्यमंत्री झाले, त्यांच्या नावाआधी नामदार लागलं. पण श्रीरामपुरात सगळे त्यांना वकीलच म्हणत राहिले. मीही तेच म्हणणार, कारण माझं त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही आणि भांडणात पदव्या वापरायच्या नसतात.

ओळख झाली तीही भांडणातूनच. मिरजगावहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी श्रीरामपूरला आलो होतो. जुने टायर घ्यायचो, बैलगाड्यांना बसवून विकायचो. एका टायरवाल्याने फाटका टायर चांगला म्हणून माझ्या गळ्यात मारला, तेव्हा मी तोच उचलून खरोखर त्याच्या गळ्यात घातला. केस झाली. कोर्टाबाहेर लिंबाखाली वकील खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी फी सांगितली. मी सवयीने म्हणालो, "थोडं बघा साहेब, मंदी आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मंदीत मानूस मारामारी करत न्हाई शेठ. त्याला गिऱ्हाईक तुटायची भीती असती. तुमचा धंदा जोरात हाय."

फी कमी झाली नाही. मी मात्र सुटलो. आणि माझ्यासारख्या टायरवाल्याला शेठ म्हणणारा पहिला माणूस तोच, त्यामुळे ते टोमण्याने म्हणतात हे कळूनही मला बरं वाटलं.

ज्यांनी धंदा केला आहे त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. धंदा बरा चालला आहे असं धंदेवाल्याने तोंडातून काढायचं नसतं. नजर लागते, भाऊबंद येऊन बसतात आणि कामगारांना पगारवाढ आठवते. टायरांवरून मी उसाच्या ट्रॅक्टर ट्रॉल्या बनवण्यावर आलो, शेड टाकली, याकोबसारखा हाडाचा वेल्डर मला मिळाला, तरी मी मंदीच सांगत राहिलो. घरावर दुसरा मजला चढला त्या वर्षीही मंदी. जीप घेतली तेव्हा ती वकिलांच्या दारात उभी करून मी मंदी सांगितली. ते बाहेर आले, जीपभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "मंदीनं रंग चांगला निवडलाय."

पहिल्या निवडणुकीत त्यांच्याकडे ना कारखाना होता ना घराणं. सभेला स्टेज कुठून आणणार? माझ्या शेडमधली विकली न गेलेली ट्रॉली आम्ही गावोगाव ओढत नेली आणि तिच्यावर उभे राहून ते बोलले. शेवगावकडच्या एका सभेत ट्रॉलीची मागची फळी निसटली आणि वकील भाषणासकट खाली आले. मी घाबरलो. ते धोतर झटकत उठले आणि लोकांना म्हणाले, "बनवनारा आपलाच मानूस हाय, मंदीत हाय बिचारा." लोक हसले, मतं मिळाली. माझं नाव मात्र त्या भागात खराब झालं. ही माझी पहिली तक्रार. ती त्यांनी कधी मनावर घेतली नाही.

मग खरी मंदी आली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यांच्या गोदामात साखर पडून होती, ऊस वाहणारे जुन्याच ट्रॉल्यांना ठिगळं लावून घेत होते. तशात त्या वर्षीच्या बजेटात आमच्यासारख्या छोट्या शेडवाल्यांची कराची सवलत गेली. तयार ट्रॉल्या शेडसमोर ओळीने उभ्या राहिल्या, त्यांत पाणी साचलं, पाण्यात बेडूक आले. याकोब एकदा चहा पिता पिता म्हणाला, "शेठ, आमी सगळे एकाआड एक दिस येतो, अर्ध्या मजुरीत. पन शेड बंद करू नका." रविवारी चर्चमध्येही सगळे वेल्डर शेडसाठी प्रार्थना करतात, असं त्याच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं होतं. माझ्यासाठी आजवर कोणी प्रार्थना केली नव्हती. मी अस्वस्थ झालो आणि तोवर अर्थखात्यात मंत्री झालेल्या वकिलांना गाठायला दिल्लीला निघालो.

राहात्याच्या पेरूंची एक पाटी घेऊन श्रीरामपूरच्याच बेलापूर नावाच्या स्टेशनला गाडीत बसलो. दिल्ली येईपर्यंत अख्ख्या डब्याला पेरूंचा वास लागला. वकिलांच्या बंगल्यावर कळलं, साहेब आज सभागृहात उत्तर देणार आहेत. त्यांच्या पीएने मला गॅलरीचा पास दिला. दारातल्या शिपायाने माझी तंबाखूची चंची काढून घेतली, त्यामुळे मी आधीच तापलो होतो.

विरोधी बाकांवरून एकेक जण उठून सांगत होता की देशात मंदी आली आहे, कारखाने बंद पडताहेत, सरकार झोपलं आहे. मला वाटत होतं की यातला प्रत्येक जण माझी शेड पाहून आलाय. मग वकील उठले. हिंदी बोलत होते, पण ती लिंबाखालचीच वाटत होती. ते म्हणाले, ही मंदी नाही. बैल घाट चढताना मध्येच थांबतो, तो दम खातो. त्याला मेला म्हणून कोणी सोडून जात नाही. बाकं वाजली. विरोधक ओरडले. तेव्हा वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. ती नजर माझ्या ओळखीची होती.

ते म्हणाले, माझ्या जिल्ह्यात माझा एक मित्र आहे. मी वकिली सुरू केली तेव्हापासून तो मला मंदी आहे असं सांगतो आहे. मंदीतच त्याने घरावर मजला चढवला, मंदीतच जीप घेतली. त्यामुळे सन्माननीय सदस्य मंदी म्हणतात तेव्हा मला त्याची आठवण होते आणि माझी चिंता कमी होते.

सगळं सभागृह हसलं. विरोधकसुद्धा. मी उठून उभा राहिलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही, पण चांगलं नक्की नव्हतं. मागून एका पहारेकऱ्याने खांद्यावर हात ठेवला. आजवर ज्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला त्याला मी वाजवला आहे. त्या दिवशी मी मुकाट्याने खाली बसलो.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते पेरूला मीठ लावत होते. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक फोड माझ्यापुढे सरकवली.

"शेठ, जीप घेतली तवाबी मंदीच सांगितली तुमी. मी कोनत्या साली खरं मानायचं हुतं?"

"या साली," मी म्हणालो.

त्यांनी उठून दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हाय मंदी. मला काय दिसत न्हाई व्हय? पन तिथं उभं राहून मी मंदी म्हनलो की उद्या बाजार आनखी बसतो. तुमी नसताना हाय म्हनता, आमी असताना न्हाई म्हनतो. धंदा मोडू नये म्हनून दोघंबी खोटं बोलतो." सवलतीचं पुढच्या बजेटात बघतो म्हणाले. आयुष्यभर लोकांना मी "पुढच्या वेळी बघू" म्हणून वाटेला लावत आलो. हा माल माझ्याच दुकानातला होता, आणि तरी मी तो घेऊन घरी आलो.

घरी दूरदर्शनवर सगळ्यांनी भाषण पाहिलं होतं. नाव घेतलं नव्हतं, पण मजला आणि जीप म्हटल्यावर श्रीरामपुरात नावाची गरज नव्हती. चुकून एखादं गिऱ्हाईक आलं तर म्हणायचं, कमी करा की शेठ, दिल्लीत सांगितलंय तुमचं बरं चाललंय. मी बायकोपुढे वकिलांना शिव्या घातल्या. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात खोटं काय बोलले ते?" त्या रात्री मी जेवलो नाही. तिनेही आग्रह केला नाही.

पुढचं बजेट मांडायला ते सरकार राहिलंच नाही. निवडणूक झाली, वकील पडले. त्यानंतर काही महिन्यांनी शेड बंद झाली. याकोब पुण्याकडे एका मोठ्या कंपनीत गेला. जाताना त्याने वेल्डिंगचा चष्मा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चालू झाली की बोलवा." मी त्याला धड निरोपही दिला नाही. उगाच एका ट्रॉलीचं चाक तपासत बसलो.

वकील आजारी आहेत असं कळलं तेव्हा मी ठरवून गेलो. आता हिशेब मागायचा, एकदा तोंडावर सांगायचं की बैल दम खात नव्हता. जाताना सगळी वाक्यं पाठ केली. ते ओसरीवर खाटेवर पडले होते, हाडांवर नुसती कातडी. एके काळी त्या ओसरीवर बसायला जागा मिळत नसे, आता सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मला पाहून ते उशीला टेकून बसले. चष्मा शोधला, नाकावर चढवला.

"काय शेठ, काय म्हनती मंदी?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. तोंडातून भलतंच निघालं. "गेली साहेब. बरं चाललंय आता."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नेहमीसारखे हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"शेड कधी बंद केली?" त्यांनी विचारलं.

मी खाटेच्या कडेला टेकलो. त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आत त्यांची सून चहा ठेवत होती, तिने दोनदा साखर विचारली.

त्याच महिन्यात वकील गेले. पुढे मी जुन्या ट्रॉल्या दुरुस्तीला घेऊ लागलो, शेडचं दार उघडलं, याकोब परत आला. धंदा सावरला. अर्थात हे मी कोणाला सांगत नाही. कोणी विचारलं तर मंदी आहे असंच सांगतो. लोक लगेच खरं मानतात. सांगण्यात काही मजा राहिलेली नाही.