गव्हाचा धर्म

आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी माझ्यासारखाच नास्तिक. वादात अडला की मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "विषय संपला."

एकदा ख्रिस्ती नर्सबाईंनी त्याला विचारलं, "देव न्हाई, हे कशावरून?"

तर म्हणे, "तुमच्या आज्यानं दुष्काळात मिशनच्या गव्हासाठी धर्म बदलला. विषय संपला."

सोसायटीच्या बाकावरचे सगळे फिदीफिदी हसले. माझं डोकंच फिरलं. हे काय उत्तर झालं?

यंदा गावातल्या विहिरी आटल्या. बघतो तर हा चर्चच्या विहिरीवर घागर भरतोय, अन् दोर ओढू लागल्यात नर्सबाई. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय सेक्रेटरी, झालास का ख्रिस्ती?"

"पाण्याचा अन् देवाचा काय संबंध रं?" तो खेकसला.

"मग गव्हाचा होता व्हय?"