पाय उचलतोय तोवर

जत्रेत आम्ही आकाशपाळणा नुसता बघत उभे होतो. समोर रांगेत एक म्हातारा-म्हातारी होती. तिकिटं काढलेली, पाळणा खाली आला, आणि म्हातारीचा पायच वर उचलेना. "तुम्ही जा एकटे," ती नवऱ्याला म्हणाली. तोही गेला नाही. दोघं कडेला बसून वर बघत राहिली.

कडेवरच्या पोरीला सावरत मी ह्यांच्याकडं बघितलं. आमचे हे मार्केटात पोती उचलतात. पाठ आत्ताच कुरकुरतेय, म्हणून पंचेचाळिशीत हमाली सोडायचं ठरवलंय, त्यासाठी मी चार वर्षं भिशी लावतेय, सिनेमा नाही, हॉटेल नाही, सगळी मजा तेव्हा करू म्हणते. पण तेव्हा पायच उचलला नाही तर?

"तिकिटं काढा," मी म्हटलं.

"अगं, भिशीत भरायचेत ना?"

"भिशीचे घरी डब्यात आहेत. ती चुकवायची नाही. पण महिन्याला थोडे आपल्या मजेचे. ठरलं."

पोरीला मांडीवर घट्ट धरून बसले. भीती वाटत होतीच, उंचीची आणि पुढच्या दिवसांचीही. वर गेल्यावर ह्यांनी डोळेच मिटले.

"उघडा की ओ," मी ओरडले, "फुकट नाही आलो!"