दाजींची रजा, केबलवर

तमाम नातलग, शेजारी आणि हितशत्रू यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सदर लेखकाचे उजवे कोपर सुरत शहराच्या केबलवर सलग दोन दिवस झळकले. कोपराच्या मागचा मी मात्र कापला गेलो.

अमळनेरहून पॅसेंजरने निघालो आणि डुलक्या घेत उधन्याला उतरलो. डिंडोलीला धाकटी बहीण शकू राहते. दाजी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवतात; त्यांच्या नखांत कधी जांभळा, कधी पोपटी रंग असतो. मी आलो म्हणून त्यांनी मिलमध्ये ताप आल्याचा निरोप धाडला आणि आम्ही डुमसच्या समुद्रावर गेलो.

काळी वाळू, भुरकट पाणी, आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. आपण जागे आहोत याचा पुरावा एकच, हातातली टोमॅटोची गरम भजी. तेवढ्यात खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक तरुण आला आणि दाजींना अदबीनं म्हणाला, "काका, रजा छे ने?"

दाजी भजं गालात सरकवून म्हणाले, "हाऊ, रजाच शे." (हो, रजाच आहे.) सुरतेची माणसं किती आपुलकीनं चौकशी करतात, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून लवंडलो होतो. अर्धवट झोपेत टीव्हीवर तोच समुद्र दिसू लागला, आणि त्यातून दाजींचा चेहरा चंद्रासारखा वर आला. तृप्त, तेलकट. खाली भजीवाल्याचं नाव. ही जाहिरात आदल्या दिवसापासून तासातासाला चालू होती. मी माझ्या कोपराकडे कौतुकानं बघत होतो; शकूचा मात्र चेहरा उतरला. खोटं सांगून घरी राहणाऱ्याला मिलचा शेठ कामावरून काढतो, आणि शेठच्या घरी हीच केबल.

"आता टीव्ही फोडू की तुम्हाला?" ती दाजींना म्हणाली.

गल्लीतल्या वकीलकाकांना गाठलं. ते म्हणाले, उघड्यावर बसलेल्या माणसाला कोणीही पाहील, गर्दीचं चित्रणही करील. पण एकाचा चेहरा उचलून त्यावर दुकानाची भजी विकायची, तर त्याला विचारलं पाहिजे, आणि त्याला ते कळलं पाहिजे. कोर्टात वर्षं जातील, आधी नीट सांगून बघू.

त्यांना घेऊन केबलच्या ऑफिसात गेलो; तो कॅमेरावाला तरुण तिथलाच. केबलवाल्यानं शांतपणे मूळ टेप लावली. "काका, रजा छे ने?" "हाऊ, रजाच शे." झालं, म्हणाला, या काकांनी स्वतःच्या तोंडानं परवानगी दिली. गुजरातीत रजा म्हणजे परवानगी, हे वीस वर्षं सुरतेत राहून दाजींच्या ध्यानात नव्हतं. आणि आमच्या अहिराणीतलं 'शे' त्या तरुणाला गुजरातीतलं 'छे', म्हणजे 'आहे', असं ऐकू आलं होतं. वकीलकाकांनी समजावलं की न समजता दिलेली संमती ही संमती नव्हे. केबलवाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि त्यानं जाहिरात तिथल्या तिथे बंद केली.

पण व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी दाजींबरोबर मिलमध्ये गेलो. वाफेच्या ढगात माणसं तरंगल्यासारखी हिंडत होती, पायाशी गुलाबी पाणी वाहत होतं. त्या ढगातून शेठ प्रकटले. जाहिरात त्यांनी पाहिली होती. थापा कशाला मारल्यास, सरळ रजा का नाही मागितलीस, एवढंच त्यांनी विचारलं. दाजींनी जे उत्तर दिलं त्यावर आजूबाजूचे कारागीर खाली मान घालून हसू लागले, आणि शेठ "जा, कामाला लाग" म्हणून वळले. नोकरी वाचली.

परतीच्या गाडीत ऊन डोळ्यांवर येत होतं. वाटलं, कायदा तरी दुसरं काय सांगतो? विचारा, म्हणतो. पण विचारणाऱ्याला 'नाही' ऐकावं लागतं, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला पुढचं सोसावं लागतं. दाजींचे ते शब्द चाकांच्या तालावर अमळनेरपर्यंत माझ्यासोबत आले:

"शेठ, रजा मांगी थी. आपने दी नहीं, इसलिए बुखार आया."