एकाच पायाचं माप

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, शिलाई मशीन पायाने चालवणं म्हणजे चालणं नव्हे." चौतीस वर्षं पाय हलतायत ते काय मग, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण साखर वाढली होती, आणि बायकोने आमच्या भागातल्या चालणाऱ्यांच्या गटात माझं नाव आधीच घालून टाकलं होतं. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाही.

सकाळी सहाला पाण्याच्या टाकीपाशी मी कानाला मफलर गुंडाळून पोचलो. दहा-बारा जण होते. त्यांचा एकच नियम. एक माणूस सगळ्यांच्या मागे राहतो, त्याला ते शेपूट म्हणतात. नव्या माणसाने शेपटासोबत चालायचं, म्हणजे तो दमून मधूनच घरी पळत नाही. शेपूट म्हणजे साठीच्या एक बाई, डाव्या पायाने किंचित लंगडणाऱ्या. मला राग आला. म्हटलं, मला काय लंगड्या बाईच्या हवाली करता?

दोन वळणं होईतो माझ्या छातीचा भाता चालू झाला. बाई थांबल्या. "सावकाश. गाडी सुटत नाहीये."

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलो आणि समोर त्यांची राखाडी पँट दिसली. गिऱ्हाइकाचा चेहरा मी विसरतो, माझी तुरपाई नाही. डाव्या पायाची मोहरी, म्हणजे खालची कड, आत दुमडून तिथे सेफ्टी पिन लावली होती.

पँट मीच शिवलेली होती. चार वर्षांपूर्वी याच बाई ही पँट घेऊन दुकानात परत आल्या होत्या. "मास्तर, डावा पाय खाली लोळतोय." दुकान भरलेलं, मी कातावलेला. मी म्हटलं होतं, "बाई, पँट सरळ आहे. वाकडं आहे ते तुमचं उभं राहणं." सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी पँटची नीट घडी घातली आणि गेल्या.

चूक माझी होती. आमच्या धंद्यात एका पायाचं माप घेतलं की दोन्ही पायांचं झालं. आणि आयुष्यभर मी माणसं आरशापुढे उभी असलेली पाहिली, चालताना कधी पाहिलीच नाहीत.

मफलरमुळे यांनी आपल्याला ओळखलं नसेल, असं मला वाटलं. अक्कल गहाण पडली की असंच वाटतं. मी विचारलं, "पिन का हो लावलीय?"

"शिंप्याकडे नेली होती परत. ते म्हणाले, वाकडं माझंच आहे."

"असल्या शिंप्यांची दुकानं बंद करायला हवीत," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कापड चांगलं आहे पण," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शेवटी सगळे टाकीपाशी गोल करून उभे राहिले. नवा माणूस तिथे आपली ओळख सांगतो. मी मफलर आणखी वर ओढला. तेव्हा बाईच पुढे झाल्या. "हे आपले टेलर मास्तर. ही पँट यांनीच शिवलीय. चार वर्षांत एक टाका उसवला नाही."

टाळ्या झाल्या. आणि मी, निर्लज्जासारखा, मान डोलावून त्या घेतल्या. त्यांनी मला पहिल्या पावलापासून ओळखलं होतं. जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

घरी चहा तसाच ठेवला. बायकोने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मी म्हटलं, "उद्या त्यांना बाजूला घेऊन माफी मागतो."

"वा," ती म्हणाली. "अपमान चारचौघांत, आणि माफी कानात?"

त्या दिवशी मी दोन ब्लाउज चुकीचे कापले.

दुसऱ्या दिवशी खिशात टेप टाकून टाकीपाशी गेलो. सगळे जमेपर्यंत थांबलो. चार वर्षांपूर्वी दुकानात हसलेल्यांपैकी एक जण, दूधवाला, समोरच उभा होता. मी मफलर काढला.

"काल बाईंनी माझं कौतुक केलं, ते खोटं आहे," मी म्हणालो. "ही पँट मी चुकीची शिवली. एकाच पायाचं माप घेतलं. बाई सांगायला आल्या, तर मी त्यांच्या पायावर विनोद केला. आणि काल त्यांच्यासमोर मीच त्या शिंप्याला शिव्या घातल्या, जणू तो दुसराच कुणी होता. मला लाज वाटते. बाई, माफ करा."

दूधवाल्याने बुटाची नाडी बांधायला घेतली, ती आधीच बांधलेली होती.

मी बाईंसमोर रस्त्यावरच गुडघे टेकले आणि विचारलं, "माप घेऊ?" त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी डाव्या पायाला टेप लावला, आकडा तळहातावर लिहिला आणि उठायला लागलो. सवय, दुसरं काय.

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला तिथेच थांबवलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "उजव्याचंही घ्या."