कोरी चेसिस

कोणतीही गाडी शेडमध्ये आली की मिस्त्री आधी खिशातून सुतळी काढायचे. चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत ती ताणायची, तिथं गाठ मारायची. मग दुसऱ्या बाजूनं तशीच तिरपी ताणायची. गाठ कोपऱ्यावर बरोबर येते की नाही ते डोळे बारीक करून बघायचं आणि म्हणायचं, "फरक हाय."

फरक सूतभर असला तरी तेच, चार बोटं असला तरी तेच. पुढं पुढं हे वाक्य त्यांना कशालाही चालायला लागलं. नव्या हॉटेलातला चहा आला, फरक हाय. माझा होणारा जावई एकदा शेडवर आला होता. तो गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, "शेठ, फरक हाय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. जावयाचा डावा खांदा जरा खाली आहे, हे मला लग्नानंतर फोटोत दिसलं.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड होती. मी गंगापूर तालुक्यातला. उसाच्या गाडीवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग कुणी घेत नव्हतं असा एक जुना ट्रक घेतला आणि मालक झालो. तो ट्रक घेऊन पहिल्यांदा शेडवर गेलो तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "गाडी तुमचीच?"

"व्हय."

"मग खाली या. काय घेतलंय ते बघून तरी घ्या."

नव्या शर्टावर मला त्यांनी गाडीखाली झोपवलं आणि बोट लावून एकेक भेग दाखवली. बाहेर आलो तेव्हा शर्ट गेला होता आणि अक्कल आली होती.

मी भाजीवाल्याशी भाव करतो, डॉक्टरशीही करतो. त्याशिवाय इथवर आलो नसतो. मिस्त्री मात्र एकदा भाव सांगायचे आणि गप्प बसायचे. मी अर्ध्यावर मागायचो, ओरडायचो, तावातावानं निघून जायचो आणि परत यायचो. तोवर ते दुसऱ्या गाडीखाली शिरलेले. नुसते पाय दिसायचे. "शेठ, गेला नव्हता का तुम्ही?" असं ते पाय विचारायचे. तुम्हीही अशा माणसापुढं कधी हरला असाल, तर तो राग किती दिवस टिकतो हे तुम्हाला माहीत असेल.

कागदाच्या बाबतीत ते फार कडक होते. कुरियरची पावतीसुद्धा वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. कुरियरवाला ताटकळत उभा. "बाप अंगठा लावायचा," ते मला म्हणाले होते. "कशावर लावला ते बापाला मरेपर्यंत कळलं नाय. मला त्यानं उपाशी राहून सही करायला शिकवलं. ती सही म्या कशावर बी नाय करत." चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी शेड बंद असे. पांढराशुभ्र शर्ट घालून ते घरच्यांबरोबर मिरवणुकीला जायचे, आणि त्या शर्टात ते मला जरा परकेच वाटायचे.

आता माझ्या अकरा गाड्या आहेत. तो पहिला ट्रक माझ्या वाळूजच्या यार्डात लिंबाखाली उभा होता. टायर हवा जाऊन बसलेले, केबिनमध्ये कबुतरं. बायको म्हणाली, विकून टाका. मला तो पुन्हा रस्त्यावर हवा होता. स्वतः चालवत एकदा गावी न्यायचा होता, ऊस भरून. ज्या गावानं मला क्लीनर म्हणून पाहिलं त्या गावात.

मिस्त्री यार्डात आले. सुतळी काढली, पण ताणली नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याजवळ हातोडी हलकेच मारली तर गंजाचा पापुद्रा गळून पडला. "हिला जोड देऊन काय उपेग नाय," ते म्हणाले. "चेसिसच बदला."

एवढ्या जुन्या मॉडेलची चेसिस मिळणं अवघड. पण शोधायला आणि घासाघीस करायला मी कमी पडत नाही. जालन्याच्या एका डीलरच्या गोदामात मला एक कोरी चेसिस मिळाली. कधीच न वापरलेली, नंबर न ठोकलेली. यार्डात आणली तेव्हा मिस्त्रींनी सुतळी ताणली. या बाजूनं, त्या बाजूनं. मग परत एकदा. किती तरी वेळ ते गाठीकडं बघत राहिले.

"फरक नाय," ते म्हणाले.

तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी एकदाच ऐकलं.

कामाला त्यांनी दोन महिने घेतले. चेनकुप्पीच्या साखळीनं केबिन उचलली, इंजिन उतरवलं, जुनी चेसिस ओढून बाजूला ठेवली. नव्या चेसिसचे आडवे जोड त्यांनी रिबिट तापवून लाल करून ठोकले. मी म्हणालो, बोल्ट लावा, लवकर होईल. त्यांनी ऐकलं नाही. रोज संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसायचो, वाद घालायचो आणि चहा पाजायचो. मला ते दिवस आवडले होते, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

जुनी चेसिस बाजूला ठेवली त्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं. "शेठ, ही हलवू नका. गाडीचा नंबर हिच्यावर ठोकलेला हाय. आरटीओचा साहेब येऊन तो बघंल, आरसी बुकाशी जुळवंल, मग त्याच्या म्होरं नव्या चेसिसवर ठोकायचा. दोन्ही शेजारी शेजारी पायजेत. अर्ज म्या लिहून ठेवलाय, तुमची सही तेवढी करा."

मी मान डोलावली. पण धंद्यात मुरलेलं डोकं माझं. गाडीचं जुनं सामान मिस्त्री लोक ठेवून घेतात आणि मागून विकतात, हे मला क्लीनर होतो तेव्हापासून माहीत. एवढं लोखंड हलवू नका म्हणजे काय? अर्ज खिशात तसाच राहिला. मिस्त्री खुलताबादला भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेले आणि नेमका भंगारवाला यार्डात आला. मी त्याला तासभर घोळवला. शेवटी हात जोडून तो म्हणाला, "सेठ, तुमसे कोई नही जीत सकता." जुनी चेसिस त्याच्या टेम्पोत चढली तेव्हा मी खुशीत होतो.

मिस्त्री परत आले. लिंबाखाली नुसता तेलाचा डाग.

"जुनी कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"भंगारात. चांगला भाव आला."

ते लाकडी ठोकळ्यावर बसले. मग मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, की आता या गाडीला नाव नाही. मला ते कळायला वेळ लागला नाही. पण चूक माझी आहे हे कळलं की मला आधी राग येतो.

"बुकात नंबर हाय," मी म्हणालो. "तुमच्याकडं नंबराचे पंच हायेत. ठोका. कोण बघतंय?"

"नाय, शेठ."

"सगळे करतात."

"करू द्या."

"गाडी माझी, नंबर माझा, चोरीचा हाय का?"

"नाय. पण साहेबाबिगर ठोकला तर चोरीच्या गाडीत अन् हिच्यात काय राहिलं?"

मी खूप बोललो. ते सगळं इथं लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "तीस वर्षं तुला काम दिलं, एक गोष्ट मागितली तर तुला जड झाली."

मी त्यांना कधी तू म्हणालो नव्हतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, गाठीकडं बघायचे तसं. मग उठले. "गाडी उभी करून देतो," एवढंच म्हणाले. पुढच्या बारा दिवसांत इंजिन, केबिन, सगळं बसवलं, चेसिसला काळा रंग दिला, माझ्याशी एक शब्द न बोलता. मग आले नाहीत.

मीही गेलो नाही. चार ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगितलं, मिस्त्री आता म्हातारा झाला, अडवणूक करतो. त्यांनी गाड्या पाठवणं कमी केलं. नंबर ठोकायला मी दोनदा दुसरा माणूस बोलावला आणि दोनदा दारातूनच परत पाठवला. नंबर मला मिस्त्रींच्याच हातून हवा होता. ते येतील, वाकतील, अशी माझी जिद्द होती.

पावसाळा संपता संपता ते छातीच्या दुखण्यानं गेले. मला आठवड्यानं कळलं, तेही त्या भंगारवाल्याकडून. तो यार्डात आला होता. म्हणाला, "तुमचा तो मिस्त्री चार वेळा माझ्याकडं आला. ढिगात हात घालून नंबर शोधायचा. मी सांगितलं, त्याच दिवशी कापून जालन्याला भट्टीवर पाठवली. तर भर उन्हात एसटीनं जालन्याला गेला. गेटवरून हाकलला त्याला."

मी त्यांच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर भांडायलाच गेलो होतो. एवढं केलं तर मला का सांगितलं नाही, हे विचारायचं होतं, आणि विचारायला तेच नव्हते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं.

"माझ्याकडं का आले नाहीत?" मी विचारलं.

"यायचं म्हणत व्हते," त्या म्हणाल्या. "दोन येळा चपला घातल्या. मग म्हणले, शेठ आता मला तू म्हणतेत."

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. त्या नुसतं सांगत होत्या.

माझी तक्रार अजून आहे. एवढ्याशा शब्दावरून तीस वर्षं मोडू नयेत, असं मला अजून वाटतं. पण ते बोलायला माणूस नाही, म्हणून हे तुमच्यापुढं बोलतोय.

परवा गाडीखाली उतरून बघत होतो. सगळी चेसिस काळी, एकसारखी. फक्त उजव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर, तळहाताएवढी जागा रंगवलेली नाही. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेली, कडा सरळ, वर ग्रीसचा जाड थर. गंज चढू नये म्हणून. नंबर तिथं ठोकायचा असतो. त्या बारा दिवसांत कधी तरी त्यांनी ती राखून ठेवली होती.

ग्रीस सुकत आलं होतं. मी डबा आणला आणि बोटानं नवं लावलं.