स्वस्तातला माऊस

कुठलीही नवी वस्तू हातात आली की मी आधी तिच्यातली खोट शोधते. आई म्हणते, ही पोरगी नवरा पसंत करायची वेळ आली तर त्यालाही उन्हात धरून बघेल. त्यामुळे तो माऊस घरी आला तेव्हा मी त्याला आठ दिवस छळलं. पण त्या वेळी ती नुसती माझी खोड नव्हती, माझं सगळंच त्या माऊसवर अडकलं होतं.

मी तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं जायचे. कॉलेजची कॉम्प्युटर गेमची टीम साताऱ्याला स्पर्धेसाठी जाणार होती. पाच जणांची टीम, त्यात चार मुलं ठरलेली, आणि पाचव्या जागेसाठी मी आणि आणखी एक मुलगा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दोघांची मॅच, जिंकेल तो साताऱ्याला. लॅबमधले माऊस वापरून वापरून पार गेलेले, म्हणून आपापला आणायचा होता. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आता ऊस बघतात. त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं: टीममध्ये नाव आलं तर खेळ, नाही आलं तर हे खूळ बंद आणि मुकाट्यानं अभ्यास. फौजी माणूस एकदा बोलला की बोलला, आमच्या घरात त्यावर दाद मागायची सोय नाही.

अट घालणारे तेच आणि माऊस आणणारेही तेच. सांगलीला खताच्या कामाला गेले होते, येताना पिशवीतून खोकं काढून माझ्यापुढं ठेवलं. खोक्यावर वाघाचं तोंड. मी आधी किंमत बघितली. टीममधल्या मुलांच्या माऊसची किंमत मला पाठ होती. हा त्यांच्या पावपट किमतीचाही नव्हता. आण्णांपुढं मी छान आहे म्हटलं आणि खोलीत जाऊन दार लावलं.

मग सुरू झाली परीक्षा. पहिल्यांदा वायर. ती ताठ होती, खोक्यात घडी पडलेली तिथं तशीच वाकून राहायची आणि हाताला मागं ओढायची. मी ती दोन दिवस खिडकीच्या गजाला बांधून सरळ केली. डावं बटण हलकं, उजवं जरा कडक. अंगठ्यापाशी दोन बटणं होती, ती बरोबर जागेवर. वजनाला बेताचा. वरचे रंगीत दिवे नुसता दिखावा, पण पोटातला लाल उजेड स्थिर. असा माऊस त्या उजेडात खालचा पृष्ठभाग वाचत जातो, म्हणून मी त्याला घरातल्या सगळ्या पृष्ठभागांवरून फिरवलं. फरशीवर तो आंधळा. टेबलाच्या फुलाफुलांच्या रेक्झिनवर नुसता थरथरायचा. वर्तमानपत्रावर बरा. आईच्या साडीच्या खोक्याचं झाकण उलटं ठेवलं, आणि तिथं गडी असा सरळ चालला की मीच चमकले.

खरी भीती झटक्याची होती. आमच्या बंदुकीच्या गेममध्ये पाठीमागून कुणी आलं की हात एकदम झटकून वळावं लागतं. काही स्वस्त माऊसना तो वेग झेपत नाही, ते गोंधळतात, आणि आपली बंदूक शत्रूला सोडून आभाळाकडं बघायला लागते. मी शेकडो झटके मारले, मनगट सुजलं. हा एकदाही गोंधळला नाही. आठव्या दिवशी मी मनातल्या मनात निकाल दिला: दिसायला भडक, वायर भिकार, पण विश्वासाचा. आणि लगेच भीती वाटली, की आता हरले तर दोष द्यायला माऊससुद्धा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी कोयते, खुरपी, ट्रॅक्टर, जे जे हातात धरून माणूस काम करतो त्या सगळ्याची पूजा होते. आण्णांचा तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. पलटणीत ते बंदुकांची पूजा करायचे, ते अजून अंगात आहे. मी कॉलेजातून आले तर लॅपटॉपच्या झाकणावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी पुटपुटत झाकण पुसलं. त्या दिवशी खेळले नाही, हाताला विश्रांती दिली.

दसऱ्याला सकाळी बसले, आणि माऊस बिघडलेला. बोटभर सरकवलं तर पडद्यावरचा बाण जागचा हलायचा नाही, आणि हलला की पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. वायर काढली, घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. खालचं साडीच्या खोक्याचं झाकण काढून वर्तमानपत्र घातलं, शेवटी माझी वही. उलटा करून बघितला, लाल उजेड तर नेहमीसारखाच होता. सांगलीच्या दुकानात फोन लावला. दसऱ्याची गर्दी, कुणीतरी घाईत म्हणालं, घेऊन या, बदलून मिळेल, आठ दिवस लागतील. माझ्याकडं एक दिवस होता, त्यातलाही अर्धा संपलेला.

तेवढ्यात आण्णा जेवायला आले आणि माऊस कसा चाललाय म्हणून विचारलं. माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं.

"आण्णा, तुम्हाला यातलं काही कळत न्हाई तर आणलात कशाला? स्वस्त बघितला आणि उचलला."

आई पोळी लाटायची थांबली. आण्णांनी हात धुतले, चष्मा घातला, माझ्यासमोर बसले आणि माऊस मागितला. लॅपटॉपमधून त्याची वायर उपसली. लाल उजेड विझला, त्यांनी माऊस उलटा केला, उन्हाकडं धरला आणि पोटातल्या भोकात निरखून बघितलं.

"ह्ये मीच केलंय गं," ते म्हणाले.

उजेडाच्या त्या भोकात कुंकू होतं. पाण्यात कालवून बोटानं लावलेलं, आत वाळून बसलेलं. लाल उजेडात ते लाल मला दिसलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं, कोयत्याला पात्यावर लावतात, बंदुकीला नळीच्या तोंडाशी, मग याला कुठं, तर जिथनं उजेड येतो तिथं. "वर लावलं असतं तर तुज्या हाताला चिकटलं असतं. म्हणून खाली लावलं."

मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला. त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटचा थेंब घेतला आणि बंदूक साफ करायच्या शिस्तीनं ते भोक साफ करत बसले. माऊस चालायला लागला. पण मी संध्याकाळपर्यंत झटके मारत राहिले आणि दोनदा मला वाटलं की त्यानं किंचित उडी मारली. आण्णा दारातून विचारत राहिले, आता कसाय. मी म्हणत राहिले, चांगलाय.

मॅच सुरू झाली. सुरुवातीला मी पुढं होते. शेवटच्या फेरीत तो मुलगा माझ्या पाठीमागून आला, मी हात झटकला आणि माझी बंदूक भिंतीकडं वळली. संपलं. उडी माऊसनं मारली की माझ्या हातानं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

टीमचा कॅप्टन चांगला मुलगा होता. माझ्या खुर्चीपाशी वाकून म्हणाला, "माऊस अडकला का? तसं असेल तर माझा घे, ती फेरी परत खेळू."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण मग काय झालं होतं ते सांगणं आलंच, कुंकू आलं, आण्णा आले, आणि लॅबभर पोरं हसली असती. खोटं कारण सांगितलं असतं तर स्वस्त माऊस म्हणून हसली असती, म्हणजे पुन्हा आण्णांनाच.

"नाही," मी म्हटलं. "माऊस चांगलाय. मीच चुकले."

घरी पोचले तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांना नुसतं हरले म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, माऊसनं दगा दिला का, खरं सांग. मी म्हटलं, न्हाई आण्णा, माझा हात थरथरला. त्यांचा विश्वास बसला की नाही, माहीत नाही. त्यांची अट मला पाठ होती आणि त्यांनाही आठवतच असणार. मी ती ऐकायची तयारी करून उभी राहिले.

"मग परत सराव कवापासनं?" त्यांनी विचारलं.

सोमवारपासून, मी म्हटलं.