जुन्या जागी एक दुवा

थोरल्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी लिहिते आहे. बाकीच्या नातवंडांनीही वाचावं, म्हणजे एकाच प्रसंगाच्या चार वेगवेगळ्या गोष्टी होणार नाहीत.

तुझ्या लेकीच्या बारशाला पालमहून माझ्या मोठ्या जाऊबाई परभणीला माझ्याकडे आल्या होत्या. दुखरे गुडघे घेऊन, एसटीनं, घुगऱ्यांचा डबा मांडीवर धरून. दूर तिकडे तुझ्या घरी होणारं बारसं त्यांना इथून बघायचं होतं, आणि त्यातही एकच गोष्ट: आमच्या सासूबाईंचं धारदार नाक पोरीला आलंय का. त्यांची नजर अधू, म्हणून मी लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला होता.

लॅपटॉपवर विंडोज नाही, तू आणि तुझे सोबती मिळून बनवता ते लिनक्स आहे; आदल्या दिवशी त्याचं अपडेट आलं. "आलं की करून टाकत जा, आजी," हे तुझंच सांगणं. मी केलं आणि इंटरनेट गेलं. त्यात नवीन काही नव्हतं. कडेला खोचलेली वायफायची काडी चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, दर अपडेटनंतर पुन्हा बनवावा लागतो, आणि त्यासाठी लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, सोर्स कोड लागतो. तो कुठे असतो हे तूच शिकवलंस: 'यूएसआर'मध्ये 'एसआरसी', त्यात 'लिनक्स'. तू लिहून दिलेल्या आज्ञा मी एक अक्षर न चुकवता टाइप केल्या. उत्तर आलं, असा फोल्डर नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला ते वाक्य कळतं. कळून उपयोग काय?

बारशाच्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून तुला गाठलं. तू हसलास.

"आजी, तो आम्ही हलवला. मीच भांडून हलवायला लावला!"

"का?"

"ती जागा वापरणाऱ्याची असते गं. डिस्ट्रिब्युशननं, म्हणजे लिनक्स बांधून देणाऱ्या आम्ही लोकांनी, तिथं आपलं सामान टाकू नये. आता तो ज्या त्या कर्नलच्या सुट्या भागांशेजारी, मॉड्यूलांशेजारी राहतो."

"आणि हे कुणाला सांगितलंस?"

"रिलीज नोट्समध्ये आहे की!"

इंटरनेट गेलेल्या बाईसाठी इंटरनेटवर सूचना. वा!

नवी जागा तू सांगायला लागलास, तेवढ्यात तुला आतून हाक आली. नाव ठेवायची वेळ झाली होती. मग बारसं शेजारणीच्या फोनवरच पाहिलं. जाऊबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"मुंगीएवढं दिसायलंय गं हे. नाक कुठं हाय याच्यात?"

"इथं बघा, जाऊबाई."

"ते टोपडं हाय. एवढी शिकलीस, एवढ्या तारा जोडल्यास, अन् लेकराचं नाक दाखविता येईना तुला!"

तरी त्यांनी पाळणा म्हटला, शेवटच्या कडव्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या गेल्या.

जागा बदलली म्हणून मी चिडलेली नाही. तुझा मुद्दा बरोबरही असेल. पण आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं दुकान हलवलं, तेव्हा जुन्या दारावर खडूनं लिहून ठेवलं: मारुतीच्या देवळामागे. ब्लाउज टाकलेल्या बायकांना गावभर फिरावं लागलं नाही. तुम्हाला तर खडूही लागत नाही. जुन्या नावाचा एक दुवा ठेवायचा, नव्या जागेकडे नेणारा. एका ओळीचं काम! "दुवा ठेवला तर लोक जुनी सवय सोडत नाहीत," असं तू नंतर मला ऐकवलंस. सवय लावली कुणी, ते नाही बोललास.

नवी जागा तू नंतर फोनवर सांगितलीस, आणि पुढच्या एका अपडेटबरोबर दुवाही आला. माझ्यासाठी ठेवलास की आणखी कुणी तुझ्यावर ओरडलं, ते मी विचारलं नाही. तुझी लेक टीव्हीभर दिसली. पण जाऊबाईंना आता बसची पायरी चढवत नाही. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो.

"नाक कसं हाय गं?"

मी सांगते, सासूबाईंचंच आहे.

"तू म्हणतीस तर असंल," म्हणतात आणि फोन ठेवतात.